जेत्यांची भाषा आणि जितांचें स्वत्व

एखाद्या समाजास ‘आपण एक आहों’ असें कां वाटतें याचा शोध घेऊं लागलें म्हणजे रक्त, भूमि, धर्म व भाषा हीं चार कारणें बहुधा पुढें येतात. यांपैकीं रक्त व भूमि यांचा आधार तुटला असतांही मुख्यतः भाषेच्या बळावर एक अफाट जनसमूह आपणांस एक समजूं शकतो काय, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांचा इतिहास अवश्य वाचावा. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत अमेरिकाखंडांत अठरा स्वतंत्र राष्ट्रें या भाषेंत आपला कारभार चालवितात. त्यांत शुद्ध युरोपीय कुळांतले लोक आहेत, आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज आहेत, इंका व आझ्टेक यांच्या प्रजेचे वंशज आहेत, आणि या सर्वांच्या मिश्रणांतून झालेले लोक तर फारच आहेत. आज सुमारें ५० कोटी लोकांची ही जन्मभाषा असून त्यांपैकीं दहांतले नऊ स्पेनबाहेर राहतात. परंतु या भाषेचा अमेरिकेंत प्रवेश झाला तो तरवारीच्या मागोमाग. ज्यांच्या पूर्वजांवर ती लादली गेली त्यांचेच नातू पणतू पुढें तिच्यासाठीं शिक्षा सोसतात, सत्याग्रह करितात, न्यायालयांत जातात, हें कसें घडलें? प्रस्तुत लेखांत याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

या कथेचा आरंभ इ. स. १४९२ पासून करणें सोईचें आहे. त्या वर्षाच्या जानेवारींत ग्रानादा पडलें आणि स्पेनमधील शेवटचें मुसलमानी राज्य संपलें. मार्चअखेर यहुद्यांना देशाबाहेर घालविण्याचें फर्मान निघालें. आगस्टच्या ३ तारखेस कोलंबस पश्चिमेच्या सफरीवर निघाला. आणि त्याच आगस्टांत सालामांका येथें आंतोन्यो दे नेब्रिहा या पंडितानें लिहिलेलें कास्तिली भाषेचें व्याकरण छापून प्रसिद्ध झालें. युरोपांतील एखाद्या प्रचलित लोकभाषेचें असें सांगोपांग व्याकरण छापलें जाण्याचे हे पहिलेच दिवस होते. नेब्रिहानें तें राणी इझाबेला हिला अर्पण केलें, आणि प्रस्तावनेंत भाषा ही साम्राज्याची सहचारिणी असून दोघींची वाढ व ऱ्हास बरोबरच होतात अशा आशयाचें प्रतिपादन केलें. नवे मुलूख जिंकल्यावर तेथील लोकांस विजेत्यांचे कायदे समजले पाहिजेत आणि त्यासाठीं त्यांना ही भाषा शिकावी लागेल, असा या ग्रंथाचा उपयोग सांगितला गेला. ज्या वेळीं हें लिहिलें गेलें त्या वेळीं अमेरिका कोणास ठाऊकही नव्हती. तरी पुढील तीनशें वर्षांच्या राजनीतीचें बीज या प्रस्तावनेंत सांपडतें.

पण भाषेचा मार्ग राजनीतीच्या आंखलेल्या रेषेनेंच जातो असें नाहीं, हें त्याच वर्षींच्या दुसऱ्या फर्मानानें दाखवून दिलें. स्पेनमधून हांकलले गेलेले यहुदी तुर्की सुलतानाच्या मुलखांत जाऊन सालोनिका, इस्तंबूल, स्मर्ना इत्यादि शहरांत वसले. घरदार व जमीनजुमला मागें राहिला होता. भाषा मात्र त्यांच्याबरोबर आली. ज्या देशानें त्यांस झिडकारलें त्याच देशाची पंधराव्या शतकांतील बोली ते हिब्रू अक्षरांत लिहीत राहिले, तींत गाणीं गात राहिले, लेंकरांस निजवीत राहिले. ही स्थिति चारशेंहून अधिक वर्षें टिकली. इ. स. १९४३ मध्यें जर्मनांनीं सालोनिकेच्या ४० हजारांहून अधिक यहुद्यांना मृत्युछावणीकडे नेलें, आणि या भाषेचें सर्वांत मोठें माहेरघर ओस पडलें. पुढें २०१५ सालीं स्पेननें कायदा करून या निर्वासितांच्या वंशजांस नागरिकत्व देऊं केलें. परंतु त्यांपैकीं अनेक अर्जदारांस आधुनिक स्पॅनिशची परीक्षा द्यावी लागली. ज्यांच्या वाडवडिलांनीं पांच शतकें स्पॅनिश परदेशांत जतन केली त्यांनाच स्पॅनिश येते कीं नाहीं याचा दाखला मागितला गेला. राज्यसंस्था भाषेकडे कोणत्या दृष्टीनें पाहते याचें याहून बोलकें उदाहरण देतां येणार नाहीं.

आतां अमेरिकेकडे वळूं. विजेत्यांनीं पहिल्या दिवसापासून तेथील भाषा बुडविल्या अशी जी सामान्य समजूत आहे ती इतिहासास धरून नाहीं. धर्मोपदेशकांना बाप्तिस्मे द्यावयाचे होते. आणि कोट्यवधि लोकांनीं स्पॅनिश शिकेपर्यंत थांबण्यापेक्षां शेंकडों पाद्र्यांनीं त्यांच्या भाषा शिकणें सोपें होतें. लिमा येथें १५८२-८३ मध्यें भरलेल्या धर्मपरिषदेनें धर्मशिक्षण लोकांच्या भाषेंत देण्याचें ठरविलें. आणि १५८४ सालीं तेथें स्पॅनिश, केचुआ व आयमारा अशा तीन भाषांत प्रश्नोत्तरी छापली गेली. दक्षिण अमेरिकेंत छापलेलें पहिलें पुस्तक तें हेंच. १५९६ मध्यें इंडियन लोकांवर स्पॅनिशची सक्ति करावी अशी सूचना आली असतां दुसऱ्या फिलिप राजानें ती मान्य केली नाहीं. आमच्या वाचकांस हा प्रकार अपरिचित वाटणार नाहीं. हाच फिलिप व त्याचे दोन वारस १५८० पासून १६४० पर्यंत पोर्तुगालचेही राजे, म्हणून गोव्याचेही धनी होते. आणि याच कालांत फादर स्टीफन्स याचें ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. पुढें वारा फिरला, आणि १६८४ मध्यें गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनें तीन वर्षांत लोकांनीं कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावें असें फर्मान काढलें. धर्मप्रसारासाठीं लोकभाषेचा आश्रय करावयाचा, आणि सत्ता स्थिर झाली कीं तीच भाषा अडचणीची वाटूं लागावयाची, हा क्रम दोन्ही गोलार्धांत सारखाच दिसतो.

या संधिकालांत एक पुरुष असा झाला कीं ज्याच्या एकट्याच्या चरित्रांत पुढील चार शतकांचा प्रश्न सामावलेला आहे. इंका गार्सिलासो दे ला वेगा हा १५३९ मध्यें कुस्को येथें जन्मला. बाप स्पॅनिश सरदार, आई इंका राजघराण्यांतली. वयाच्या एकविसाव्या वर्षीं तो स्पेनला गेला आणि पुन्हां मायदेशीं परतला नाहीं. १६०९ सालीं लिस्बन येथें त्याचा इंका राज्याचा इतिहास छापला गेला. तो त्यानें उत्तम स्पॅनिशमध्यें लिहिला. परंतु त्यांत तो पदोपदीं स्पॅनिश इतिहासकारांच्या चुका काढतो, व त्या कां झाल्या हेंही सांगतो. त्यांना केचुआ नीट कळत नव्हती, आणि आपण ती आईच्या दुधाबरोबर प्यालों आहों, हा त्याचा अधिकार. बापाच्या भाषेंत लिहून आईच्या भाषेची बाजू मांडणारा हा पहिला मोठा अमेरिकन लेखक होय. स्पॅनिश ही केवळ स्पेनची राहिली नाहीं, ती तिच्यांत आपलें दुःख व आपला अभिमान ओतणाऱ्या परक्यांचीही झाली, याची सुरुवात या ग्रंथापासून धरावयास हरकत नाहीं.

अठराव्या शतकांत बूर्बाँ घराण्यानें कारभाराची नवी घडी बसविली आणि भाषेच्या बाबतींतील सैलपणा संपला. तिसऱ्या कार्लोस राजानें १० मे १७७० रोजीं आज्ञापत्र काढून आपल्या अमेरिकन मुलखांतील निरनिराळ्या भाषा नाहींशा व्हाव्या आणि सर्वत्र कास्तिलीच बोलली जावी असें फर्माविलें. दहा वर्षांनीं पेरूमध्यें दुसरा तुपाक आमारू याच्या नेतृत्वाखालीं मोठें बंड झालें. तें मोडल्यावर १८ मे १७८१ रोजीं कुस्कोच्या चौकांत, त्याच्या बायकोस व मुलास त्याच्यादेखत ठार करून, नंतर त्याचा अमानुष रीतीनें वध करण्यांत आला. त्या शिक्षेच्या निवाड्यांत इंडियन लोकांचा परंपरागत पोषाख, त्यांचीं वाद्यें, इंका राजांच्या स्मृतीचे खेळ यांबरोबरच केचुआ भाषेवरही घाला घातलेला आहे. राज्यकर्त्यांना भाषेचें सामर्थ्य किती चांगलें कळतें हें पाहावयाचें तर त्यांचे निवाडे वाचावे. जी भाषा निरुपद्रवी आहे तिच्यावर कोणी बंदी घालीत नाहीं.

यानंतर चाळीस पन्नास वर्षांतच स्पेनचें अमेरिकेंतील साम्राज्य कोसळलें. स्वातंत्र्ययुद्धाचे पुढारी मुख्यत्वें तेथेंच जन्मलेले स्पॅनिश वंशाचे लोक होते. त्यांनीं स्पेनचा राजा झुगारला, पण स्पेनची भाषा झुगारणें त्यांस शक्य नव्हतें; कारण ती त्यांचीच मातृभाषा होती. अडचण निराळीच होती. रोमचें साम्राज्य पडल्यावर लॅटिनचे तुकडे होऊन इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश अशा भाषा झाल्या, तसेंच आतां येथेंही होणार काय? या भीतीस ज्यानें विचारपूर्वक उत्तर दिलें तो पुरुष म्हणजे आंद्रेस बेल्यो. काराकास येथें १७८१ मध्यें जन्मलेला हा पंडित पुढें चिलींत स्थायिक झाला, १८४३ मध्यें तेथील विद्यापीठाचा पहिला कुलगुरु झाला, आणि त्या देशाचा दिवाणी कायदाही त्यानेंच रचला. १८४७ मध्यें त्यानें अमेरिकेंतील लोकांच्या उपयोगाकरितां म्हणून मुद्दाम एक स्पॅनिश व्याकरण लिहिलें. नेब्रिहाच्या व्याकरणानंतर साडेतीनशें वर्षांनीं लिहिलेला हा ग्रंथ उद्देशानें त्याच्या अगदीं उलट आहे. बेल्योस भाषा हवी होती ती साम्राज्यासाठीं नव्हे, तर विखुरलेल्या स्वतंत्र राष्ट्रांना एकमेकांचें बोलणें समजत राहावें म्हणून. चिली किंवा व्हेनेझुएला येथील रूढ प्रयोग सार्वत्रिक व साधार असेल तर आरागोन व आंदालुसिया येथील प्रयोगाइतकाच तो मान्य, असें त्यानें निःशंकपणें सांगितलें. भाषेवरील मालकी माद्रिदकडून समुद्र ओलांडून गेली ती अशी.

तथापि या चित्राची काळी बाजू सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. स्वातंत्र्याच्या वेळीं या प्रदेशांत स्पॅनिश ज्यांची मातृभाषा होती असे लोक अल्पसंख्यच होते, असें अभ्यासकांचें मत आहे. जें राजाज्ञेनें तीनशें वर्षांत झालें नाहीं तें लोकसत्ताक राष्ट्रांच्या शाळांनीं, सैन्यांनीं व कचेऱ्यांनीं शंभर वर्षांत घडवून आणलें. नागरिक सर्व समान, म्हणून भाषा सर्वांची एक, अशा उदार तत्त्वाच्या नांवाखालीं शेंकडों लहान भाषा मागें पडल्या. पेरूनें केचुआस अधिकृत भाषेचा मान दिला तो १९७५ मध्यें, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दीडशें वर्षांनीं. याला अपवाद पाराग्वेचा. तेथें ग्वारानी ही मूळची इंडियन भाषा मिश्र व गोऱ्या वंशाच्या लोकांच्याही घरांत टिकली, १९९२ च्या राज्यघटनेनें ती स्पॅनिशच्या बरोबरीनें अधिकृत ठरविली, आणि आपण पाराग्वेचे आहों हें दाखवावयाचें असलें म्हणजे तेथील मनुष्य स्पॅनिशपेक्षां ग्वारानीकडेच वळतो. सारांश, ज्या स्पॅनिशनें एकास स्वत्व दिलें तिनेंच दुसऱ्याचें हिरावून घेतलें आहे.

इतका वेळ स्पॅनिश ही सत्तेच्या बाजूस होती. आतां ती जेथें सत्तेच्या विरुद्ध बाजूस गेली तो भाग पाहूं. कारण तिचें स्वत्वाशीं खरें नातें तेथेंच जडलें. १८४६ ते १८४८ च्या युद्धांत मेक्सिकोचा पराभव होऊन ग्वादालूपे इदाल्गोच्या तहानें कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको इत्यादि विस्तीर्ण मुलूख अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे गेला. तेथले लोक आपल्या घरांतून हललेही नाहींत. सरहद्दच त्यांच्या डोक्यावरून पलीकडे गेली. तहांत मालमत्तेचें व धर्माचें संरक्षण स्पष्टपणें लिहिलेलें होतें, भाषेचें नव्हतें. कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या घटनेनें कायदे दोन्ही भाषांत प्रसिद्ध करावे असें ठरविलें होतें. सोन्याच्या शोधार्थ आलेल्या परक्यांची संख्या वाढतांच १८७९ च्या घटनेनें तें कलम काढून सरकारी कामकाज केवळ इंग्रजींत चालवावें असें ठरविलें. न्यू मेक्सिकोंत मात्र स्पॅनिश बोलणारेच बहुसंख्य होते. त्यामुळें त्या प्रदेशास स्वतंत्र संस्थानाचा दर्जा मिळण्यास १९१२ साल उजाडावें लागलें. हे लोक पुरेसे अमेरिकन नाहींत, असा आक्षेप वॉशिंग्टनमधून वारंवार घेतला जाई. त्यांनींही आपली बाजू सोडली नाहीं. ओक्ताव्यानो लार्रासोलो प्रभृति पुढाऱ्यांच्या आग्रहानें १९१० च्या घटनेंत असें कलम घातलें गेलें कीं, इंग्रजी किंवा स्पॅनिश बोलतां वाचतां येत नाहीं एवढ्या कारणानें कोणाचा मताधिकार वा ज्यूरींत बसण्याचा हक्क हिरावला जाऊं नये. आणि स्पॅनिश वंशाच्या मुलांना सार्वजनिक शाळांची दारें कधींही बंद होऊं नयेत. हाच लार्रासोलो पुढें १९१९ मध्यें तेथील गव्हर्नर झाला.

शेजारच्या टेक्ससमध्यें असें संरक्षण कोणी दिलें नाहीं. तेथें १९१८ च्या कायद्यानें सार्वजनिक शाळांत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेंतून शिकविणें हा शिक्षकाचा गुन्हा ठरला. मैदानावर खेळतांना मुलाच्या तोंडून स्पॅनिश शब्द निघाला म्हणून छडी, दंड किंवा शाळा सुटल्यावर कोंडून ठेवणें, हे प्रकार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नैऋत्येकडील अनेक शाळांत चालत. कित्येक ठिकाणीं तर मेक्सिकन मुलांच्या शाळाच वेगळ्या होत्या, आणि त्याचें कारण भाषा असें सांगण्यांत येई. १९४५ मध्यें कॅलिफोर्नियांत मेंदेस या कुटुंबानें याविरुद्ध फिर्याद केली. त्यांच्या मुलांना वेस्टमिन्स्टरच्या शाळेनें प्रवेश नाकारला होता. त्यांच्याच आतेभावंडांस मात्र वर्ण उजळ व आडनांव फ्रेंच वळणाचें म्हणून ती घ्यावयास तयार होती! येथें भाषेचें ढोंग उघडें पडलें. १९४६ च्या निकालांत न्यायाधीशानें अशा मुलांना वेगळें ठेवल्यानें इंग्रजी येण्याऐवजीं तें शिकण्यास अडथळाच होतो असें म्हटलें, आणि १९४७ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें निकाल कायम केला. ज्या मुलास सात वर्षांचें असतां आईची भाषा बोलल्याबद्दल मार बसतो तो तीपासून दोन गोष्टी शिकतो: एक, ही भाषा लपविली पाहिजे, आणि दुसरी, ही भाषा म्हणजेच आपण. स्पॅनिशला स्वत्वाचें स्थान मिळवून देण्यांत तिच्या मित्रांइतकाच तिच्या शत्रूंचाही हात आहे.

हें सर्वांत स्पष्ट दिसतें तें प्वेर्तो रिको या बेटाच्या इतिहासांत. स्पेन-अमेरिका युद्धानंतर १८९८ च्या पॅरिसच्या तहानें हें बेट संयुक्त संस्थानांकडे आलें. लोकसंख्या सुमारें साडेनऊ लक्ष, आणि सर्वांची भाषा स्पॅनिश. नव्या राज्यकर्त्यांनीं बेटाच्या नांवाचें स्पेलिंगसुद्धां आपल्या सोईनें बदलून ‘पोर्तो रिको’ केलें, आणि १९३२ पर्यंत तेंच सरकारी दफ्तरांत चालू होतें. १९०२ मध्यें इंग्रजी व स्पॅनिश या दोन्ही अधिकृत भाषा ठरल्या. १९०५ च्या सुमारास प्राथमिक शाळेपासून इंग्रजी हें शिक्षणाचें माध्यम करण्याचा प्रयोग सुरू झाला. शिक्षकांना स्वतःसच जी भाषा धड येत नाहीं तींत त्यांनीं ती मुळींच न येणाऱ्या मुलांस अंकगणित शिकवावयाचें, असा तो प्रकार होता. पुढील चाळीस वर्षांत धोरण कितीदां तरी बदललें. १९३४ मध्यें शिक्षणाधिकारी होसे पादीन यानें प्राथमिक वर्गांत स्पॅनिश परत आणली; १९३७ मध्यें राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनीं त्याच्या जागीं नवा अधिकारी नेमतांना इंग्रजीवर भर देण्याची सूचना केली; १९४६ मध्यें बेटाच्या विधिमंडळानें स्पॅनिश माध्यमाचा ठराव केला तो राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनीं नामंजूर केला. १९४८ मध्यें लोकांनीं आपला पहिला गव्हर्नर निवडला आणि पुढच्याच वर्षीं शिक्षणाधिकारी मारियानो व्हिल्यारोंगा यानें स्पॅनिश हें माध्यम कायमचें केलें.

येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, १९१७ पासून हे लोक अमेरिकेचे नागरिक होते. पारपत्र अमेरिकेचें, नाणें अमेरिकेचें, महायुद्धांत लढले ते अमेरिकेच्या निशाणाखालीं. राजकीय राष्ट्र म्हणून जें जें असावें तें सर्व परकें असतां ‘आम्ही प्वेर्तो रिकोचे’ ही जाणीव टिकली ती प्रामुख्यानें भाषेंत. १९९१ मध्यें बेटानें केवळ स्पॅनिश ही अधिकृत भाषा ठरविली तेव्हां स्पेननें आपला अस्तुरियास युवराजांच्या नांवाचा वाङ्मयपुरस्कार या सर्व जनतेस दिला. १९९३ मध्यें सरकार बदलून इंग्रजी पुन्हां जोडीस आली. बेटावरच्या मूळ ताइनो लोकांची भाषा ज्या स्पॅनिशच्या अमलाखालीं नाहींशी झाली तिच्याच रक्षणाचा हा लढा होता, हें ध्यानांत ठेवलें तर इतिहासाची गति किती वांकडी असते तें कळतें.

मग जेथें स्पेन गेलें तेथें सर्वत्र असेंच झालें काय? नाहीं, आणि याचा पुरावा फिलिपाईन बेटांत आहे. १५६५ पासून १८९८ पर्यंत, म्हणजे सवातीनशें वर्षांहून अधिक काळ, तेथें स्पेनचा अंमल होता. १८४९ च्या हुकमानें लोकांस आडनांवें वांटून देण्यांत आलीं, त्यांपैकीं पुष्कळ स्पॅनिश होतीं, आणि तीं आजही चालतात. त्या राष्ट्राचा महापुरुष होसे रिझाल यानें १८८७ व १८९१ मधील आपल्या दोन्ही कादंबऱ्या स्पॅनिशमध्येंच लिहिल्या. १८९६ मध्यें देहांताच्या शिक्षेपूर्वीं लिहिलेली त्याची अखेरची कविताही त्याच भाषेंत आहे. आणि १८९९ ची स्वतंत्र लोकसत्तेची घटनाही स्पॅनिशच. असें असून आज तेथें स्पॅनिश जवळजवळ उरलेली नाहीं. झांबोआंगाकडील तिच्यापासून झालेली मिश्र बोली सोडली तर रिझालचे देशबांधव रिझालला भाषांतरांतून वाचतात. १९८७ च्या घटनेनें तिचा अधिकृत दर्जाही गेला. याचें कारण उघड आहे. तेथें स्पॅनिश वसाहतवाले थोडे आले. पाद्र्यांनीं तागालोग, बिसाया या भाषा स्वतः शिकून लोकांस स्पॅनिशपासून दूरच ठेवलें. त्यामुळें ती सुशिक्षितांची भाषा झाली, स्वयंपाकघराची झाली नाहीं. १९०१ नंतर अमेरिकन शिक्षक इंग्रजी घेऊन आले तेव्हां तिचें रक्षण करावयास दिवाणखान्यांतील मूठभर लोकच होते. प्वेर्तो रिकोंत आई अंगाई म्हणत होती ती स्पॅनिशमध्यें. मनिलाच्या बाहेर ती तशी म्हणत नव्हती. दोन्हीकडे राज्यकर्ते तेच, साल तेंच, धोरणही पुष्कळसें तेंच. परिणाम मात्र परस्परविरुद्ध. सत्तेच्या मुक्कामाच्या लांबीवर भाषेचें आयुष्य अवलंबून नसतें, हें यावरून सिद्ध होतें.

आतां शेवटचा व सर्वांत नाजूक प्रश्न. संयुक्त संस्थानांत राहणाऱ्या या लोकांना एका नांवाखालीं कसें मोजावें हें तेथील खानेसुमारीस फार दिवस सुचेना. १९३० मध्यें ‘मेक्सिकन’ अशी एक वेगळी जात धरली. तक्रारी झाल्यावर १९४० मध्यें ती काढून मातृभाषा स्पॅनिश हा निकष लावला. १९५० मध्यें आडनांवें पाहिलीं. आणि १९८० पासून ‘हिस्पॅनिक’ हें सदर सर्वांस विचारलें जाऊं लागलें. २०२० च्या गणनेंत त्यांची संख्या सुमारें ६ कोटी २१ लक्ष, म्हणजे शेंकडा १८.७ भरली. ही नुसती मोजणी नव्हे. हिच्यावर हक्क अवलंबून असतात. १९९१ मध्यें सर्वोच्च न्यायालयापुढें एक खटला आला. साक्षीदार स्पॅनिशमध्यें बोलणार, म्हणून सरकारी वकिलानें ती भाषा जाणणारे ज्यूरर वगळले; ते दुभाष्याचें भाषांतर प्रमाण न मानतां मूळ शब्दच कानांत धरतील अशी त्यास शंका होती. न्यायालयानें हें वगळणें कायम केलें. ज्यास साक्षीदाराचें बोलणें कळतें तोच तें ऐकण्यास अपात्र, अशी ही विलक्षण अवस्था आहे. २०२५ च्या मार्चमध्यें तर अध्यक्षीय आदेशानें इंग्रजी ही त्या देशाची अधिकृत भाषा म्हणून जाहीर झाली.

परंतु बाहेरच्या दडपणापेक्षां घरांतला प्रश्न अधिक अवघड आहे. स्थलांतर करून आलेल्यांचीं मुलें दोन्ही भाषा बोलतात, नातवंडें बहुधा इंग्रजीच. मग तीं हिस्पॅनिक राहिलीं कीं नाहींत? प्यू या संशोधनसंस्थेनें २०११ मध्यें केलेल्या पाहणींत शेंकडा ९५ लोकांनीं पुढच्या पिढ्यांना स्पॅनिश येणें महत्त्वाचें आहे असें सांगितलें. त्याच संस्थेच्या २०२३ च्या वृत्तांतांत शेंकडा ७८ लोक म्हणतात कीं, आपल्यांतला म्हणवून घेण्यास स्पॅनिश आलीच पाहिजे असें नाहीं. हीं दोन उत्तरें परस्परविरोधी वाटतात, पण तशीं तीं नाहींत. घरांतली जुनी वस्तु टिकावी अशी इच्छा धरणें निराळें, आणि ती ज्याच्या हातून हरवली त्यास घराबाहेर काढणें निराळें. तथापि दुसरा प्रकारही घडतो. ज्यांना स्पॅनिश थोडी येते किंवा येतच नाहीं अशांपैकीं निम्म्याहून अधिक लोकांनीं आपल्याच बांधवांनीं आपणांस हिणविल्याचें याच पाहणींत सांगितलें आहे.

हें हिणविणें अन्यायाचें आहे, एवढेंच म्हणून भागणार नाहीं. तें इतिहासाच्याही अज्ञानाचें आहे. ज्या तरुणास आज स्पॅनिश येत नाहीं त्याच्या आजोबांनीं ती शाळेंत मार खाऊन गिळून टाकलेली असते, आणि तो मार आपल्या लेंकरांच्या वांट्यास येऊं नये म्हणून घरांत मुद्दाम इंग्रजी आणलेली असते. अशा मुलास ‘तूं आमच्यांतला नाहींस’ असें म्हणणारा त्या जुन्या मास्तराचीच छडी हातीं घेतो. फरक एवढाच कीं मास्तर भाषा बोलल्याबद्दल मारीत असे, हा न बोलल्याबद्दल मारतो.

स्पॅनिशच्या पांचशें वर्षांच्या इतिहासांत तिच्यावर सक्ति करणारे नाना प्रकारचे झाले: राजे, व्हाइसरॉय, लोकसत्तेचे मंत्री, शिक्षणाधिकारी. त्यांपैकीं बहुतेकांचें साधलें तें थोडें, आणि ज्यांचें साधलें त्यांनीं आपल्यामागें जखमा ठेवल्या. सालोनिकेच्या यहुद्यांवर स्पॅनिश बोलण्याची सक्ति कोणी केली नव्हती; प्वेर्तो रिकोच्या आयांना अंगाई स्पॅनिशमध्यें म्हणा असें कोणी सांगितलें नव्हतें. गार्सिलासोसही आईच्या भाषेची आठवण ठेव असा हुकूम कोणी दिला नव्हता. जेथें भाषा प्रेमानें दिली गेली तेथें ती राज्यें बुडाल्यावरही राहिली. ज्यांना ती आजोबांकडून मिळाली नाहीं त्यांना ती आतां शिकवावयाची असेल तर शिकविणाऱ्यांनीं पहिल्या धड्यांत त्यांस त्यांच्या आजोबांची हकीकत सांगावी, आणि मग क्रियापदें चालवावयास घ्यावीं.